रेडिएटरमधली हळद

बायकोच्या वर्षभराच्या साठवणीतली अर्धा डबा हळद मी तिला न विचारता गाडीच्या रेडिएटरमध्ये ओतली होती, हे आधीच कबूल करतो.

सत्तरच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. पिंपरीतल्या एका कंपनीत मी तपासणी खात्यात होतो. दुसऱ्यांनी बनवलेल्या मालातल्या चुका काढायचा मला पगार मिळायचा. घरी मात्र एक जुनीपुराणी गाडी घेऊन बसलो होतो आणि तिच्याखाली रोज सकाळी पाण्याचं तळं साचायचं. चमचाभर हळद टाकली की रेडिएटरची बारीक भोकं बुजतात, असं कँटीनमध्ये ऐकलं. मी म्हटलं, चमचाच कशाला?

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बायकोची चाकणच्या शाळेत मुलाखत होती. विज्ञान शिकवायची एकच जागा. मुलं झाल्यावर तिनं नोकरी सोडली होती, त्याला सात वर्षं झाली होती. ती बिचारी एस.टी.नं निघाली होती. "गाडी दारात असताना एस.टी.?" म्हणून मीच तिला अडवलं.

मोशीत इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला आणि बॉनेटमधून भसाभसा वाफ निघाली. नशीब, समोरच एका म्हाताऱ्या मिस्त्रींची पत्र्याची शेड होती. मी रुमाल गुंडाळून रेडिएटरचं झाकण फिरवायला गेलो, तोच ते ओरडले, "हात काढा, साहेब! तोंड भाजून घ्यायचंय का?"

अर्धा तास गाडी निवत ठेवली. बायको घड्याळाकडे बघत होती, माझ्याकडे अजिबात नाही. मग मिस्त्रींनी झाकण काढलं, आत डोकावले आणि गंभीरपणे म्हणाले, "मीठ टाकायचं राहिलं वाटतं."

पाणी भरून त्यांनी इंजिन चालू केलं. मी वाकून ठासून सांगितलं, "रेडिएटरच फुटलाय. बदलावा लागणार."

"अहो, जाळी तर कोरडी आहे." बायको पदर खोचून शेजारी वाकली होती. "तो पिवळा ओघळ बघा ना. या खालच्या रबरी पाइपाच्या टोकापासून सुरू होतोय." आणि तिनं बोट लावून दाखवलंसुद्धा.

मिस्त्रींनी इंजिन बंद करून पाइपावरची पट्टी सैल केली. खाली पाइप चिरला होता. "ताईंनी बरोबर पकडलं. साहेब, तुमच्या हळदीनं भोक नाय बुजलं, पण दिसलं तरी!"

चिरलेलं टोक त्यांनी इंचभर कापलं, पाइप पुन्हा चढवला, पट्टी आवळली. हळद निघेपर्यंत पाणी ओतून ओतून शेडपुढची जमीन पिवळी केली.

अकराला पाच कमी असताना शाळेच्या फाटकाशी पोचलो. ती आत गेली. मी दर पाच मिनिटांनी गाडीखाली वाकत होतो. एक थेंब नव्हता. तरी जीव थाऱ्यावर नव्हता. तो आत, तिच्या मुलाखतीत अडकलेला.

तासाभरानं ती आली. बोटं अजून पिवळीच.

"बोटांचं विचारलं का गं कुणी?"

"पहिलं तेच विचारलं. मग गळती कशी शोधली ते सगळं सांगितलं. सोमवारपासून या म्हणाले."

मला एकदम स्फुरण चढलं. "मग आता रोज मीच सोडीन तुला गाडीनं!"

तिनं आत बसून दार ओढून घेतलं.

"सोडा की," ती म्हणाली, "एस.टी.च्या थांब्यापर्यंत."