बंद शेडमधलं निरांजन

आक्काच्या दोन्ही हातांना आग लागली होती आणि ती हात झटकत होती. झटकून ती आग जात नव्हती. कोपरापर्यंत रबराचं सोल्युशन लागलेलं होतं, चपलेचा तळ वर्षभर धरून ठेवणारं. ते निघू नये म्हणूनच आम्ही ते बनवत होतो. मी तिला दंडाला धरून दाराकडे ओढलं. लोखंडी दार बाहेरून ओढून घेतलेलं होतं. मी त्यावर थापा मारल्या. बाहेर शेजारच्या कारखान्यातली माणसं गोळा झाली होती, कोणीतरी दार उघडा म्हणत होतं. तेव्हा मी त्याचा आवाज स्वच्छ ऐकला.

"उगडू नगा. हवा मिळाली तर समदं जाईल."

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. दार धरून उभा होता तो तिचा नवरा, माझा दीर.

तो फौजेतून पेन्शनीवर आला आणि साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत त्याने पत्र्याची शेड घेतली. फौजेच्या वर्कशॉपात त्याने टायर-ट्यूबची कामं केली होती, त्यामुळे पंक्चरचं आणि चपलांचं सोल्युशन आपण बनवू शकतो असं त्याला वाटायचं. बनवत होतो आम्ही दोघी जावा. माझा नवरा तेव्हा सरहद्दीवर होता, आणि घरच्या बायकांना पगार द्यावा लागत नाही.

काम अवघड नव्हतं. कच्च्या रबराच्या पट्ट्या कापायच्या, ड्रममध्ये पेट्रोलसारख्या वासाच्या सॉल्व्हंटात भिजत घालायच्या. सकाळी त्या साबुदाण्यासारख्या फुगून यायच्या. मग हाताने गुठळ्या फोडायच्या, दांड्याने घोटायचं आणि शेवटी राळ घालायची. पकड येते ती राळेमुळे. कमी पडली तर तळ सरकतो, जास्त झाली तर थंडीत कडक होऊन तुटतो. राळ आक्का घालायची. ती अंगठ्यावर थेंब घ्यायची, बोटाने दाबून ओढायची आणि तार किती लांब येते ते बघून "बास" म्हणायची.

सॉल्व्हंट हवेत उडून जातं. ते उडू नये म्हणून दीर शेडची दारं-खिडक्या बंद ठेवायचा. आमची डोकी गरगरायची, आक्काला उलट्या व्हायच्या. खिडकी उघडली की तो येऊन लावायचा. ड्रमचं झाकण घट्ट केलं तर खिडकी लावायची गरज नाही, असं आक्का त्याला एकदा म्हणाली. त्यावर त्याने तिला घरात सगळ्यांसमोर विचारलं, कारखाना तुझ्या बापाने काढून दिला का.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. शेतकरी नांगर पुजतो, शिपाई बंदूक, कारखानदार मशीन. त्या दिवशी दिवाळीच्या चपलांसाठीचं सोल्युशन अर्धं झालं होतं, आमचे हात त्याने भरलेले होते. दिराने घोटायच्या दांड्याला झेंडूचा हार घातला, उघड्या ड्रमला हळदकुंकू लावलं आणि निरांजन काढलं.

आक्का म्हणाली, "भायेर उंबऱ्यावर लावा की. हितं वास किती सुटलाय."

"देव भायेर बसीवतीस व्हय? मशीन हितं, पूजा हितंच."

दाराच्या फटीतून वारा येत होता, काडी विझत होती. म्हणून त्याने दार लोटून घेतलं आणि त्याच्याच आडोशाला उभं राहून पुन्हा काडी ओढली. आग निरांजनाला लागलीच नाही. सॉल्व्हंटाची वाफ जमिनीलगत साचलेली होती; आग खाली उतरली आणि उंदीर पळावा तशी जमिनीवरून ड्रमकडे पळाली. दीर दाराशीच होता. तो बाहेर पडला आणि जाताना दार ओढून घेऊन गेला.

मागच्या भिंतीचा एक पत्रा खालून सुटलेला होता, तिथून कुत्री आत यायची. मी तो लाथांनी वाकवला आणि त्यातून निघाले. आक्काचा दंड माझ्या हातात होता. नंतर नव्हता. माझी डावी बाजू भाजली, ती कातडी अजून आखडलेली आहे.

मी दवाखान्यात असताना दिराने सगळीकडे सांगितलं की बायकांनी त्याला न विचारता आत निरांजन लावलं. आक्काच्या आईला, कडेगावला, हाच निरोप गेला. मी शुद्धीवर आल्यावर खरं सांगितलं. पण तो फौजी माणूस, बायको गेल्याचं दुःख घेऊन फिरणारा, आणि मी चौथी शिकलेली बाई. माझं डोकं आगीने फिरलंय असं त्याने सांगितलं आणि लोकांना ते पटलं. आक्काची आई मला भेटायला आली तेव्हा तिने एवढंच विचारलं, "माझी ल्येक एवढी येडी हुती व्हय गं?" त्या दिवशी मी ठरवलं की हे त्याच्याच तोंडातून बाहेर काढायचं.

मी सासर सोडून पलूसला माहेरी आले. नवऱ्याने पत्रात लिहिलं की भावाशी वैर नको. मी त्याला उत्तर लिहिलं नाही. मळ्यात चार खांबांवर छप्पर घातलं, भिंत एकही नाही, आणि सोल्युशन करायला बसले. ड्रमच्या झाकणाखाली सायकलच्या ट्यूबची चकती कापून बसवली आणि वर दगड ठेवला. सॉल्व्हंट उडालं नाही. राळ मी आक्कासारखीच अंगठ्यावर बघायचे.

मग मी त्याची गिऱ्हाइकं तोडली. आधी पलूस-कडेगावची सायकलदुकानं, मग साताऱ्याचे चपला करणारे. डबा ठेवायचा आणि सांगायचं, दोन तळ चिकटवा, एक त्याच्याने, एक माझ्याने, आणि महिनाभर चाला. त्याने शेड पुन्हा उभी केली होती, पण राळेचं गणित त्याला कधीच ठाऊक नव्हतं. त्याच्या सोल्युशनच्या चपला बाजारातच तोंड उघडायच्या. मला ते ऐकून बरं वाटायचं. अजून वाटतं.

शेवटी तो आला. दुसऱ्या एका खंडेनवमीला, मी मुद्दाम बोलावल्यावर. राळेचं माप हवं असेल तर या, असा निरोप मी पाठवला होता. आक्काच्या आईलाही आणलं होतं आणि चपला करणारे चौघं-पाचजण होते. निरांजन लांब, बांधावर लावलं.

मी म्हणाले, "भावजी, काडी कुणी वढली आन दार कुणी लावलं, ते ह्या म्हातारीला सांगा. मग माप."

त्याने चपलेच्या टोकाने माती उकरली. मग म्हणाला, "म्याच. दोनी म्याच."

म्हातारीने पदर तोंडाला लावला आणि मान हलवली. दीर माझ्याकडे वळला. "आता माप सांग."

"ते तुमच्या बायकुला ठावं हुतं. तिला इचारा."

तो पलूसच्या स्टँडवर चालत गेला. त्याची शेड पुढच्या पावसाळ्याआधी बंद पडली. लोक म्हणाले, माणूस कबूल झाला होता, बाईने मन मोठं करायला हवं होतं. मी केलं नाही.

त्या शेडमध्ये आम्ही तिघं होतो. तो दाराने वाचला, मी पत्र्याखालून. आक्का वाचली नाही.