फोडणीचा वास नसलेली वस्ती

तरुण नातवंडांना घेऊन युरोपात फिरायला निघाला असाल आणि शहराच्या कुठल्या भागात उतरावं असा प्रश्न पडला असेल, तर मला विचारू नका. न विचारताही मी सांगतेच, ती माझी जुनी खोड. पण या एका बाबतीत माझा सल्ला घेणाऱ्यांचं काय झालं ते आधी ऐका.

मागच्या वर्षीची गोष्ट. आमचे हे जाऊन दीड वर्ष झालं होतं. मी इंग्लंडात, रीडिंग गावात एकटी राहते, मुलगा-सून दहा मिनिटांवर. थोरला नातू चोवीस वर्षांचा, इथेच सॉफ्टवेअरच्या ऑफिसात, दोन मित्रांबरोबर फ्लॅट घेऊन राहतो. धाकटा वीस वर्षांचा, तिकडे वेल्समध्ये कार्डिफला शिकतो. रविवारी दुपारचं जेवण माझ्याकडे, हा त्यांच्या शाळेपासूनचा नेम. अशाच एका रविवारी थोरला म्हणाला, "आज्जी, पन्नास वर्षं या देशात राहिलीस आणि चॅनलच्या पलीकडे युरोपात फक्त एकदा गेलीस, तेही पेन्शनरांच्या टूर बसमधून. आमच्याबरोबर चल. ट्रेनने तीन शहरं करू."

मी दोन मिनिटं आढेवेढे घेतले. त्याहून जास्त घेतले असते तर त्याने खरं मानलं असतं.

पहिल्या शहराचं नाव मी लिहीत नाही. त्या शहराने माझं काही वाकडं केलं नाही, जे केलं ते मीच. तर तिथे राहायला पोरांनी स्टेशनजवळची जागा काढली होती. खाली न्हावी, शेजारी भाजीवाला, समोर कबाब भाजणारा, गॅलरीतून बाजार दिसतो.

"आज्जी, रिव्ह्यू वाच ना. सगळे म्हणतात, लाइव्हली एरिया आहे."

"लाइव्हली म्हणजे काय ते मला शिकवू नकोस. मी इथे चार घरं घेतलीत. एजंट लाइव्हली म्हणाला की खिडकी उघडायची सोय नाही समजायचं."

"तिथे फूड मस्त आहे."

"पाकीटही मस्त मारतात."

धाकटा हसला. थोरल्याने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. मग मी चष्मा चढवून, नकाशावर बोट फिरवत, दोन तासांत माझ्या मनासारखी वस्ती शोधली. दुतर्फा झाडं, दातांच्या डॉक्टरांच्या पितळी पाट्या, एक-दोन वकिलाती, उंच दारं. एकही दुकान नाही. थोरला म्हणाला, "आज्जी, इथे माणसं राहतात का फक्त दारं?" मी म्हटलं, "चांगली वस्ती अशीच असते."

हे ज्ञान मला कुठून मिळालं ते सांगायला हवं. त्यासाठी एका सव्वीस वर्षांच्या शहाणीची ओळख करून देते. ती कार्डिफला नवऱ्यामागून आली. नवरा हॉस्पिटलात ज्युनिअर डॉक्टर. नायलॉनची साडी, त्यावर कार्डिगन, पायात मोजे, आणि तोंडावर असा भाव की जणू राणीनेच चिठ्ठी पाठवून बोलावलंय. क्वार्टर्स सोडून स्वतःचं घर घ्यायची वेळ आली तेव्हा या बाईने वस्ती पारखायची एक रीत काढली. रविवारी दुपारी जेवणाच्या वेळी नवऱ्याला घेऊन गल्लीगल्लीतून हिंडायचं आणि वास घ्यायचा. भाजलेल्या मांसाचा, उकडलेल्या कोबीचा वास आला तर वस्ती चांगली. फोडणीचा वास आला तर पुढे चला.

मी विनोद करत नाही. ती खरंच नाक वर करून हिंडायची.

नागपूरच्या एका डॉक्टरांची बायको तेव्हा गोदीकडच्या भागात राहायची. सगळ्या देशांची माणसं, दुकानात मेथी मिळायची. ती म्हणाली, "अगं, इकडेच ये राहायला. मुलांना मुलं आहेत. अडीअडचणीला दार वाजवलं की चार बायका येतात." आमची शहाणी म्हणाली, "हो ना, वासही येतो." यावर ती बाई हसली, पण मला, म्हणजे त्या शहाणीला, पुन्हा तिने घरी बोलावलं नाही. मी तेव्हा ते तिच्या चिक्कूपणावर ढकललं.

घर मिळालं ते अगदी हवं तसं. गल्लीत आमच्यासारखं दुसरं कोणी नाही. मी खिडक्या लावून फोडणी करायची, मग मागचं दार उघडून टॉवेल फिरवत वास हाकलायची. माझा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा. एक दिवस शाळेतून आला तर ब्लेझरच्या पाठीवर थुंकी. एकाची नव्हे. मी ब्लेझर सिंकमध्ये टाकला, साबण लावला, आणि त्याला एक वाक्य पाठ करायला लावलं. माझे वडील इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहेत. इंग्रजीत, स्पष्ट उच्चारात, मान वर करून. आरशासमोर उभं करून पाच वेळा म्हणवून घेतलं. चांगल्या वस्तीतली माणसं चांगलीच असणार. आपण कोण आहोत ते त्यांना माहीत नाही, एवढाच घोटाळा झालाय, तो दूर केला की झालं, असा माझा हिशेब.

आठवड्याभरात ब्लेझर स्वच्छ यायला लागला. मी यांना म्हटलं, "बघा, सांगितलं की कळतं त्यांना." हे पेपर वाचत होते. नुसतं "हं" म्हणाले. त्यांच्याशी वॉर्डात लोक कसे बोलत ते मी कधी विचारलं नाही, आणि आपणहून सांगणाऱ्यांतले ते नव्हते.

तर अशी माझी पात्रता. हीच घेऊन मी त्या पितळी पाट्यांच्या वस्तीत उतरले.

पहिल्याच दुपारी मी पाठ टेकली आणि पोरं काहीतरी खायला आणायला बाहेर पडली. मी म्हटलं होतं, "कोथिंबीर-मिरची मिळाली तर बघा, मी पिठलं टाकते." बेसनाची पुडी मी रीडिंगहून नेली होती. जवळ दुकान नव्हतंच. पोरं चालत स्टेशनकडे गेली, जायला अर्धा तास, यायला अर्धा तास. परत आली तर खालच्या दाराचा कोड लागेना. दोनदा दाबला, तीनदा दाबला. मग थोरल्याने चुकून दुसऱ्याच कोणाची घंटा वाजवली. मला फोन केला, पण माझा फोन बॅगेच्या तळाशी. मग दोघं पायरीवर बसून मी उठायची वाट बघत राहिले. थोरल्याला दाढी आहे. धाकट्याने हुड वर केला होता, वारा होता म्हणून.

समोरच्या खिडकीतून कोणीतरी फोन केला.

मला जाग आली ती खालच्या बोलण्याने. शाल ओढून खाली गेले. दारात दोन पोलीस. पोरांना फुटपाथच्या कडेला बसवलेलं, हात गुडघ्यांवर, दिसतील असे. पिशवी उपडी केलेली. पाव, दही, मिरच्या, कोथिंबिरीची जुडी, सगळं फरशीवर एका रांगेत मांडलेलं. पोलीस उद्धट नव्हते. त्यातला एक मला इंग्रजीत म्हणाला, "मॅडम, या दोघांना तुम्ही ओळखता का?"

याला उत्तर एका शब्दाचं आहे.

मी मान वर केली आणि स्पष्ट उच्चारात म्हणाले, "हे माझे नातू. चांगल्या घरचे आहेत. यांचे आजोबा डॉक्टर होते, मोठ्या हॉस्पिटलात. आम्ही इंग्लंडहून आलोय. तिकडे स्टेशनकडे जे लोक राहतात, त्यांच्यातले आम्ही नाही."

स्टेशनचं कोणी विचारलं नव्हतं. आजोबांचंही नाही.

पोलिसाने मान डोलावली, पोरांची ओळखपत्रं परत दिली, समोरच्या खिडकीकडे हात करून सगळं ठीक असल्याची खूण केली. मला तर वाटलं, काय वेळेवर पोचले मी. थोरला उठला. खाली वाकून एकेक वस्तू पिशवीत भरली. माझ्याकडे बघितलं नाही.

वर आल्यावर त्याने कोथिंबिरीची जुडी पेल्यात पाणी घालून उभी केली. मग म्हणाला, "आज्जी, आजोबा डॉक्टर नसते तर?"

"होते ना."

"नसते तर?"

मी बेसन कालवायला घेतलं. तो म्हणाला, "ही कोथिंबीर स्टेशनकडच्या माणसाने दिली. मी म्हटलं आज्जीसाठी पाहिजे, तर त्याने पैसे नाही घेतले." एवढं बोलून तो गॅलरीत गेला. पिठलं आम्ही दोघांनीच खाल्लं, मी आणि धाकट्याने. धाकटा एकदा म्हणाला, "आज्जी, मस्त झालंय," आणि ताटात बघत राहिला.

पुढची दोन्ही शहरं झाली. थोरल्याने माझी बॅग उचलली, जिन्यात कोपराला धरलं, गाडीत खिडकीची जागा दिली. आणि बोलला किती, तर "पायरी आहे", "इथे बदलायचंय", "पाणी पी". भांडला असता तर मी जिंकले असते. भांडण मला चांगलं येतं.

घरी आल्यावर त्याचे रविवार बंद झाले. पहिल्यांदा काम होतं, मग मित्राचा वाढदिवस, मग नुसतंच "या वीकला नाही जमणार". मी त्याच्या भुकेच्या हिशेबाने चार माणसांचा भात लावायची आणि सोमवारी फोडणीचा भात खायची. धाकटा सुट्टीला आला की एकटा यायचा.

"तो काय म्हणतो?"

"काही नाही. टायर्ड आहे."

"माझ्यावर रागावलाय?"

"आज्जी, मला मध्ये नको घालू."

पाच महिने गेले. दिवाळीला त्याने फोन केला, फराळाचा डबा बाबाकडे ठेव म्हणाला. मी ठेवला. चकल्या मऊ पडल्या असतील तर त्याने सांगावं असं वाटत राहिलं. सांगितलं नाही.

एका शनिवारी माझा मुलगा स्वयंपाकघरातल्या स्मोक अलार्मची बॅटरी बदलायला आला होता. मोहरी तडतडली की तो अलार्म बोंबलतो. या देशात आता टॉवेल फिरवूनही भागत नाही. तो स्टुलावर उभा, मी स्टूल धरलेलं. मी त्याला सगळं सांगितलं, पोलीस, फुटपाथ, मी काय म्हणाले ते. पोरांनी घरी काही सांगितलंच नव्हतं.

तो वरून म्हणाला, "मलाही तू तेच वाक्य दिलं होतंस."

"आणि उपयोग झाला होता."

त्याने झाकण फिरवून बसवलं. "आई, मी ते एकदाच म्हटलं. त्या पोरांनी मला गुडघ्यावर बसवलं आणि परत म्हणायला लावलं. सगळे जमेपर्यंत. दुसऱ्या दिवसापासून मी रेल्वेपुलाच्या बाजूने यायला लागलो. पाऊण तासाचा वळसा होता. तू विचारायचीस, उशीर का, मी म्हणायचो, क्रिकेट."

मी चिडायचे त्या क्रिकेटवर. अभ्यास बुडतो म्हणून.

"सांगितलं का नाहीस?"

"तू खूश होतीस, ब्लेझर स्वच्छ यायचा म्हणून," तो म्हणाला आणि स्टुलावरून उतरला. तो बावन्न वर्षांचा आहे. गुडघ्यावर हात ठेवून उतरतो.

त्या रात्रीचं काही सांगत नाही, झोपच आली नाही वगैरे सगळेच लिहितात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी थोरल्याला आवाजी निरोप पाठवला. त्याला मराठी वाचता येत नाही, आणि इंग्रजीत माझी मान आपोआप वर होते. चार वेळा बोलून पुसलं. शेवटी गेलं ते असं: "तुझ्या बाबाला मी आठव्या वर्षी एक वाक्य दिलं. त्याचं काय झालं ते त्याला विचार, त्याचं ते त्याने सांगावं. तेच वाक्य मी तुझ्यासाठी वापरलं. आजोबा डॉक्टर नसते, हमाल असते, तरी तू माझा नातूच होतास. हे रस्त्यात म्हणायचं होतं. सुचलं नाही."

निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर आलं नाही. एक रविवार, दुसरा, तिसरा. मी भात दोघांचाच लावायला लागले होते.

चौथ्या रविवारी घंटा वाजली. काचेतून उंची दिसली, दाढी दिसली. त्याच्याकडे किल्ली आहे. तरी घंटा वाजवून तो पायरीवर उभा होता, हात खाली, दिसतील असे. मी दार उघडलं.

तो इंग्रजीत म्हणाला, "मॅडम, या माणसाला तुम्ही ओळखता का?"

चेहऱ्यावर हसू नव्हतं. माझ्या तोंडात किती शब्द आले ते मी मोजले नाहीत. आजोबा आले, घराणं आलं, माफी आली, आमटी निवतेय हेही आलं. समोरच्या बाई कुंडीला पाणी घालता घालता थांबून बघत होत्या.

"हो," मी म्हटलं.

तो थांबला. मी पुढे काय बोलते याची वाट बघत होता, हे मला कळत होतं. आयुष्यात एवढा वेळ गप्प राहिलेली मला आठवत नाही. मग त्याने बूट काढले.

जेवताना म्हणाला, "बाबाने सांगितलं." आणि थोड्या वेळाने, धाकट्याने मे महिन्यासाठी काढलेल्या नव्या ट्रिपचा विषय निघाला तेव्हा, "त्या ट्रिपला मी नाही येणार, आज्जी. तुम्ही दोघं जा. मला अजून त्या रस्त्यावरचा फुटपाथ आठवतो." मी बरं म्हटलं. आग्रह केला नाही, भात वाढला.

निघताना त्याने माझ्या फोनच्या नकाशात एक खूण करून दिली. तोच स्टेशनजवळचा भाग, तीच गल्ली, भाजीवाल्याच्या वरची जागा. "इथे राहा," म्हणाला. "खाली कोथिंबीर मिळते. त्याला सांग, मी सांगितलंय."

मे महिन्यात धाकटा आणि मी तिथे जाणार आहोत. त्या माणसाला काय सांगायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. गॅलरीतून बाजार दिसतो म्हणतात. फोडणीचा वास खालपर्यंत जाईल, त्याला इलाज नाही.