धानाच्या फरशीवरचा नाच

संध्याकाळी भाजी चिरायच्या वेळेला आमचे हे म्हणाले, "शेठच्या सूनबाईनं क्लास काढला म्हणते. जाऊन तं पाह्य."

लग्नानंतर मला यांनी आपणहून घराबाहेर जा म्हटल्याचं आठवत नाही. बाजार, दळण, शाळेतली सभा, या सगळ्याला मी जातच होते, पण ती कामं होती. हा क्लास होता, आणि तोही गाण्यावर नाचून वजन उतरवायचा. मी विळी बाजूला सरकवली आणि यांच्याकडे नीट पाहिलं. यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

तेव्हा आम्ही मोहाडीला होतो. ऐंशीनंतरची पहिली काही वर्षं. हे एका राइस मिलमध्ये दिवाणजी होते. त्या वर्षी मिलचे मालक शेठ दिघोरीला दुसरी मिल उभी करत होते आणि तिथे मोहाडीच्या दोन दिवाणजींपैकी एकाला पाठवायचं चाललं होतं. यांना जायचं होतं. तोंडाने बोलत नसत, पण जेवताना दिघोरीच्या हवापाण्याचं कौतुक सुरू झालं होतं. मला जायचं नव्हतं. मुलगी जूनमध्ये दहावीत जाणार होती. इथले गणिताचे मास्तर तिला मानवले होते. ऐन मॅट्रिकच्या वर्षी शाळा बदलायची नाही, हे मी पक्कं ठरवलं होतं.

म्हणजे शेठच्या सुनेपुढे बायकोला नाचवून दिघोरी मिळवायची, असा हा डाव असणार. तरी मी गेले. शंका घरी बसून फिटत नाही.

क्लास मिलच्या आवारातच होता. उकडलेलं धान वाळवायची मोठी सिमेंटची फरशी, भोवती पुरुषभर उंच भिंत. होळीनंतर हंगाम उतरला की ती रिकामी असे. फाटकाला आतून कडी घातली, की आत काय चाललंय ते कोणाला दिसत नसे. सूनबाई नागपूरची, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला बांधलेली, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. खुर्चीवर टेपरेकॉर्डर. समोर आम्ही सातआठ जणी, पदर खोचून. आमच्या चपला फाटकाशी ओळीने काढलेल्या.

टेप सुरू झाली. सूनबाई गुडघे छातीपर्यंत नेऊन उड्या मारू लागली. आम्ही हात बरोबर हलवले, वर, बाजूला, खाली. पाय मात्र कोणीच उचलला नाही. वाळत घातलेलं धान पायांनी परतताना बायका पाय घासत चालतात, तशा आम्ही सगळ्या फरशीवरून घासत पुढे गेलो आणि घासत मागे आलो. सूनबाईला वाटलं, गाणं जलद आहे. तिने दुसरी टेप लावली. आम्ही हळू घासत गेलो.

दुसऱ्या दिवशी तिने मला सगळ्यांच्या पुढे उभं केलं. माझ्या मनात पाल चुकचुकली. किराणा दुकानदाराची बायको माझ्याहून चपळ होती, तिला सोडून मला का? क्लास सुटल्यावर सूनबाईने माझं माहेर विचारलं. लाखांदूरकडचं, म्हटलं.

"मग दिघोरी तं तुमच्या ओळखीचीच असन, काकू."

मी म्हटलं, लहानपणी पाहिली होती, आता काही आठवत नाही. हे खोटं होतं. घरी येऊन यांना विचारलं, तुम्ही तिथे माझ्याबद्दल काय बोललात? काहीच नाही, म्हणाले. एवढं तुटक उत्तर निर्दोष माणूस देत नाही.

आठवडाभर असंच चाललं. शेवटी एकदा सूनबाईने टेप बंद केली आणि विचारलं, "काकू, तुम्ही सगळ्याजणी पाय काहून नाही उचलून राहिल्या? दुखते का?"

सगळ्या खाली बघायला लागल्या. मी पुढे उभी, म्हणून बोलणं माझ्याकडे आलं. मी सांगितलं, की ही धानाची जागा आहे. इथे लक्ष्मी पसरलेली असते. इथे चपला घालून येत नाहीत आणि पाय आपटत नाहीत. फरशी आज रिकामी असली म्हणून काय झालं?

सूनबाई फरशीच्या कडेला बसली आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागली.

"अन् मी इथं बूट घालून उड्या मारून राहिली होती. कोणी बोललं काहून नाही?"

"तुमचंच आंगन," दुकानदाराची बायको म्हणाली. "तुमाले कोन सांगनार?"

क्लास बंद पडणार असं दिसायला लागलं, आणि मला त्याचं वाईट वाटलं. माझं मलाच नवल वाटलं. मी सुचवलं, गोदामातली फाटकी पोती अंथरू. त्यावरही वाद निघाला, पोत्यातही धानच असतं ना? मी म्हटलं, तुमच्या दाराशी पायपुसणं कशाचं आहे? वाद तिथेच मिटला. मी गोदामातून फाटकी पोती काढवली, धुऊन वाळवली, प्रत्येकीला दोनदोन जोडून शिवायला वाटून दिली आणि कोणती कुठे अंथरायची ते ठरवून टाकलं. त्या संध्याकाळी आम्ही पहिल्यांदा उडी मारली. दुकानदाराची बायको हसता हसता खाली बसली. मी खाली पडेन या भीतीने अर्धीच उडी मारली, मग पुरी मारली.

त्यानंतर चारसहा दिवसांनी हे पेढे घेऊन घरी आले. दिघोरी यांना मिळाली होती.

"शेठ म्हणाले, नव्या जागी घडी बसवणारं घर पायजे. पोत्यांचं सूनबाईनं सांगतलं त्यांना."

पेढा माझ्या हातातच राहिला. मी यांच्यावर नजर ठेवून होते, सूनबाईवर ठेवून होते. घात माझ्याच पोत्यांनी केला होता.

दुसऱ्या दिवशी मी क्लासच्या आधी जाऊन सूनबाईला गाठलं आणि सरळ सांगितलं, की मुलीचं मॅट्रिक आहे, मला दिघोरी नको.

तिने हातातला टेपरेकॉर्डर खुर्चीवर ठेवला. "मले वाटलं, तुम्ही दिघोरीसाठीच येऊन राहिल्या. म्हणून तं समोर उभं केलं, पाहाले."

म्हणजे ती माझ्यावर नजर ठेवून होती. मला राग यायला हवा होता, पण तिच्या जागी मी असते तर हेच केलं असतं. मी माझं म्हणणं मांडलं. हे जातील. सुट्टीत मी जाऊन घर आणि मिलचं गोदाम लावून देईन. शाळा सुरू व्हायच्या आत परत येईन आणि मुलीची परीक्षा होईपर्यंत मोहाडी सोडणार नाही. ती म्हणाली, मामंजींना मी सांगते. तिने सांगितलंही. शेठ कुरकुरले, पण कबूल झाले. यांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं, मग स्वतःच बिछान्याची वळकटी बांधली.

मे महिन्यात आम्ही दिघोरीला गेलो. सामान लावून झाल्यावर मी यांना विचारलं, मला क्लासला का पाठवलं होतं? आता खरं सांगा.

"संध्याकाळी एक घंटा शांत बसाले भेटते म्हणून," हे म्हणाले आणि मिलच्या ऑफिसात निघून गेले.

मी मागोमाग आवारात गेले. फरशी नवी होती, तिच्यावर अजून धानाचा एक दाणाही पडला नव्हता. फाटक बंद आहे ना, ते पाहिलं. चपला काढल्या, पदर खोचला आणि गुडघा वर घेतला. पोत्याशिवाय उडी जास्त चांगली बसते.

वळले, तर हे ऑफिसच्या खिडकीशी बसलेले होते, वर्तमानपत्र तोंडासमोर धरून. ते वाचत होते की नाही, मी विचारलं नाही. पुढची उडी मारली.