मेजर जेवायला बसले

घोटीजवळच्या त्या गावात लग्न असो, दशक्रिया असो की सप्ताहाचा भंडारा, वाढायला गोरक्ष मेजर हवेतच. फौजेतून ते हवालदार म्हणून निवृत्त झाले. मेजर त्यांना गावाने परस्पर करून टाकलं. नाशिकला इंदिरानगरात राहायला गेले तरी पंगत म्हटली की ते गावी हजर. कमरेला उपरणं बांधून बुंदीची परात घेऊन निघाले, की "पुरे, पुरे" म्हणणाऱ्याच्या पानात दोन मुठी जास्तच पडायच्या. "गाव जेवल्याशिवाय मेजर घास घेत नाय," असं सगळे कौतुकाने म्हणत. बाया आपल्या नवऱ्यांना त्यांचं उदाहरण देत, त्यामुळे काही नवरे मेजरांवर खार खाऊन होते.

खरं काय ते फक्त त्यांच्या बायकोला, प्रतिभाला ठाऊक होतं. मेजरांना पंगतीत बसताच येत नव्हतं. सरहद्दीवरच्या चौकीत सगळे जेवत असताना पाठीमागे तोफेचा गोळा पडला होता, आणि शेजारचे दोघे ताटावरून उठलेच नाहीत. तेव्हापासून पाठीमागे माणसं असली की घास घशाखाली उतरत नसे. घरी भिंतीला पाठ लावून भागायचं. बाहेर भिंत कुठून आणणार? त्यापेक्षा वाढपी झालेलं बरं. लोकांना ती सेवा वाटली, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली.

मुलीचं, सायलीचं लग्न ठरलं आणि ती मूठ उघडायची वेळ आली. तिने बजावलं, "पप्पा, माझ्या लग्नात वाढायचं नाही. माझ्या शेजारी बसून जेवायचं. एवढी मोठी झाले, पण पंगतीत तुमच्या शेजारी एकदाही बसले नाही."

"बघू," मेजर हसून म्हणाले, आणि गच्चीवर जाऊन एकटेच रडले.

प्रतिभाने त्यांना धरून डॉक्टर भाग्यश्रींकडे नेलं. माजी सैनिकांसाठी एक नवी उपचारपद्धत त्या तपासून पाहत होत्या. लढाईच्या आठवणी उकरायच्या नाहीत. आपण जे टाळतो तेच थोडं थोडं करायचं, आणि भीती आपली आपण ओसरेपर्यंत जागचं हलायचं नाही.

"गुण येईल का?" मेजरांनी विचारलं.

"तेच तर बघतोय," डॉक्टर म्हणाल्या. एवढा प्रामाणिक डॉक्टर मेजरांना पहिल्यांदाच भेटला.

मग दर शनिवारी दवाखान्याच्या हॉलमध्ये माजी सैनिकांची पोह्यांची पंगत बसू लागली. नर्सबाई मागून मुद्दाम स्टीलचं ताट आपटत. पहिल्या शनिवारी ताट वाजलं आणि मेजर थेट दाराबाहेर, चमचा हातात तसाच! मालेगावचे पुंजाराम हसून हसून लोळले. हे फौजेत ड्रायव्हर होते, आणि त्यांचे पाय पुलावर लटपटत. मेजरांनी दुसऱ्याच दिवशी त्यांना गोदावरीच्या पुलावर नेऊन हसण्याचं उट्टं काढलं. तिथून दोघांची गट्टी जमली. पुढे मेजर पंगत संपेपर्यंत बसू लागले, पण पाठीशी पुंजाराम असतील तरच. डॉक्टरांच्या ते लगेच लक्षात आलं.

"ही तर तुमची भिंतच झाली. लग्नात पुंजारामभाऊंनी मागे बसायचं नाही," त्या म्हणाल्या.

लग्न लागलं, मांडवात पानं मांडली गेली. मेजर मुलीच्या शेजारी बसलेले पाहून गावातल्या धोंडाबाई काकू परात घेऊन समोर उभ्या राहिल्या.

"अरे, तूच बसला तर वाढायचं कोनी? बरं दिसतं का हे?"

नेहमीसारखी थाप मारायचं मेजरांच्या अगदी ओठावर आलं होतं. पण ते म्हणाले, "काकू, मला पंगतीत बसायची भीती वाटते. म्हणून तर वाढत होतो इतकी वर्षं."

काकूंनी परात खाली टेकवली. मग म्हणाल्या, "मंग बस ना बाबा! कोन नाय म्हनतं?" आणि आजवरचं उट्टं काढावं तशी ओंजळभर बुंदी त्यांच्या पानात ओतली.

तेवढ्यात पुंजाराम आले आणि हळूच म्हणाले, "मी शे ना तुन्हा मांगे."

मेजरांना तो आधार हवाहवासा वाटला. तरी ते म्हणाले, "मागे नको. समोर बस."

वरण-भाताचे चार घास झाले असतील, तोच मागे कुणाच्या तरी हातून वरणाची बादली दाणकन आपटली. मेजरांचा एक गुडघा वर आला. पंगतीतून मधेच उठणं म्हणजे यजमानाचा अपमान, आणि इथे यजमान तेच! समोर पुंजाराम घास हातात धरून त्यांच्याकडे बघत होते. सायलीने पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला. मेजर पाणी प्यायले, भाताकडे बघत बसून राहिले. भीती आली, खूप आली, आणि मग खरोखरच उतरत गेली. त्यांनी गुडघा खाली घेतला.

मग ते जेवले. काकूंनी पुन्हा बुंदी आणली तेव्हा पानावर आडवा हात धरून "पुरे, पुरे" म्हणाले, आणि सगळी पंगत हसली. कुणी ऐकलं नाही.

हळूहळू पानं रिकामी झाली. सायलीने त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "पप्पा, जमलं की! आता उठायचं?"

मेजर बोटं चाटत म्हणाले, "बस गं, मागच्यांचं व्हायचंय अजून."