कुंकवाखालचा ऐंशीचा आकडा: डोंबिवली, माळशेज, ओतूर आणि थोडेसे मागे

जिची चारही चाके इंजिनाच्या ताकदीने फिरतात अशी गाडी डोंबिवलीकराला कशाला हवी, हा प्रश्न आमच्या घरात कोणी विचारला नाही. विजयकाकांच्या गाडीत बर्फ, वाळू आणि चिखल यांसाठी स्वतंत्र सोय आहे. पत्रीपुलावरच्या वाहतूककोंडीसाठी मात्र काहीही नाही. वर्षभर ती घरापासून भाजीबाजारापर्यंत पराक्रम गाजवत होती. अखेर काकांच्या मुलीला, मृणालताईला, सातवा महिना लागला आणि गाडीला तिच्या योग्यतेचे काम मिळाले: ओतूरला ताईच्या सासरी ओटीभरणाला जायचे आणि तिला माळशेज घाटातून बाळंतपणासाठी माहेरी आणायचे. काका, काकू आणि मी. मला नेले, कारण ताईला सोबत हवी होती आणि न बोलणारे माणूस गाडीत जागा कमी घेते, असा घरात समज आहे.

कल्याणमार्गे जाणाऱ्यांनी सहाच्या आत निघावे. आम्ही मुहूर्त पाहून साडेसातला निघालो आणि शहाडपर्यंतच्या प्रत्येक रिक्षाची मागची बाजू सविस्तर वाचली. मुरबाडला मिसळ खाल्ली. दोघांच्या पैशांत तिघे तृप्त होतात, पण पाणी आपले न्यावे. टोकावड्यानंतर मोबाइलचे नेटवर्क निरोप घेते. हिवाळ्यात घाट कोरडा आणि पिवळा असतो. धबधबे नसतात, धबधब्याखाली उभे राहू नये, अशा पाट्या मात्र वर्षभर खळाळत असतात.

ओतूरला ओटी भरली, जेवणे झाली आणि सासरच्या मंडळींनी प्रेम पोत्यांत भरून दिले. बाजरी, डिंकाचे लाडू आणि कांद्यांची दोन पोती. दुपारी निघताना काकूने गाडीबाहेर मान काढून जाहीर केले, "आता लेक माहेरी निघाली. मध्ये काही विसरलं तरी परत फिरायचं नाही हं!" कोणी काही विसरले नव्हते. सगळे मागच्या डिकीत होते.

मढ गाव मागे पडले आणि घाटमाथ्याच्या अलीकडे गाडी डावीकडे कलू लागली. मागच्या डाव्या चाकात खिळा घुसला होता. स्टेपनी डिकीच्या तळाशी असते, त्यामुळे प्रथम बाजरी, मग लाडू, मग कांदे असे सासरचे सर्व प्रेम रस्त्याकडेला उतरवावे लागले. समोरच्या चहाच्या टपरीवरच्या बाईंनी बाहेर आलेल्या चाकाकडे बघून विचारले, "एवढी मोठी गाडी नि चाक सायकलचं?"

त्यांचे फारसे चुकले नव्हते. या गाड्यांची स्टेपनी मुद्दामच अरुंद आणि व्यासाने किंचित लहान असते. ती पंक्चरच्या दुकानापर्यंत पोहोचण्यासाठी दिलेली असते, तीर्थयात्रेसाठी नव्हे. तिच्यावरच्या पिवळ्या स्टिकरवर ताशी ऐंशीची कमाल मर्यादा लिहिलेली असते. आमच्या स्टेपनीवर ती दिसत नव्हती. दसऱ्याला काकूने पाचही चाकांची पूजा केली होती आणि स्वस्तिक काढण्यासाठी तिला सपाट, उजळ अशी एकच जागा सापडली होती.

"कुठे लिहिलंय ऐंशी?" काका म्हणाले.

"कुंकवाखाली," मी म्हणाले.

"पुसू नकोस गं बाई!" काकू ओरडली. "पोटुशी पोर बरोबर आहे!"

काकांनी अंगठ्याने चाक दाबून हवा ठीक असल्याचा निर्वाळा दिला. मी गाडीतला छोटा पंप लावला. या लहान चाकाला साठचा दाब लागतो, नेहमीच्या चाकाच्या जवळजवळ दुप्पट. आमच्या स्टेपनीत निम्मासुद्धा नव्हता. वर्षभर कांद्याबटाट्याखाली झोपलेल्या स्टेपनीची हवा अधूनमधून तपासावी, ही सूचना मी वाचकांना करते. घरात केली होती.

चाक बसले. काकांनी हात झटकले आणि चारही चाकांना बांधून ठेवणाऱ्या बटणाकडे बोट नेले. "आता बघ. घाट म्हणजे काय! चारही चाकांत ताकद आहे. एक बारीक असलं तर तीन आहेत की!"

येथेच खरी मेख होती. मोठ्या माणसाबरोबर चालणारे मूल जशी जास्त पावले टाकते, तसे लहान चाक तेवढ्याच अंतरात जास्त फेरे घेते. साध्या गाडीतही ही कुरबूर असतेच. पण चारही चाके जोडणाऱ्या गाडीत जोडणाऱ्या यंत्रणेला वाटते की ते चाक घसरते आहे. ती सतत त्याला सावरायला जाते, तापते आणि शेवटी स्वतःच मोडते. त्यात ब्रेकची पकड कमी, डिकीत कांदे, पुढे अख्खा घाट उतरायचा आणि मागच्या सीटवर सातव्या महिन्यातली ताई. गाडी आली त्या दिवशी सगळ्यांनी तिच्यातून फेरी मारली होती. मी तिची माहितीपुस्तिका वाचली होती. आमच्या गाडीसाठी तिच्यात स्पष्ट लिहिले होते: लहान चाक मागेच लावा, दोनच चाकांच्या मोडवर ठेवा, हळू जा आणि लवकर काढा. तुमच्या गाडीचे नियम वेगळे असू शकतात. तुमची पुस्तिका वाचा. निदान प्लास्टिकमधून बाहेर तरी काढा.

"मढला पंक्चरवाला आहे," मी म्हणाले. "मागे जाऊ या."

"मागे?" काकूने पदर सावरला. "निघालेली लेक परत फिरवायची? काय बोलतेस!"

"स्कॉलर, टोकावड्याला करू," काका म्हणाले. "घाट काय, अर्धा तास."

ताई दगडावर बसून होती. तिने पोटावर हात ठेवला आणि थेट मला विचारले, "तू वाचलंयस ना गं? खरं सांग. या चाकावर घाट उतरू मी?"

वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारी मुलगी मी. सगळे माझ्याकडे बघत होते, टपरीवाल्या बाईसुद्धा.

"नाही," मी म्हणाले. आवाज नको तितका मोठा निघाला. "ताई कुठेच जाणार नाही. पुढेही नाही, मागेही नाही. ती इथे बसेल, काकू बसेल, कांदे बसतील. गाडी एकटी मागे जाईल. परत फिरायचं नाही ते लेकीने, काकू. गाडी कुठे बाळंतपणाला निघाली आहे?"

काकूने विचार केला. शास्त्रात गाडीचा उल्लेख नसल्याचे तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटले. "गाडीला चालतं," ती म्हणाली.

"बाबा, बटण," ताई म्हणाली. काकांनी बोट मागे घेतले, दोन चाकांचा मोड लावला आणि रिकामी गाडी अशा संथपणे वळवली, जणू आतच बाळ झोपले होते.

आम्ही चहा घेतला, कणसे खाल्ली. टपरीवाल्या बाईंनी ताईला खुर्ची दिली आणि कांद्याचा भाव विचारला. काकू दरीकडे तोंड करून बसली. मागे वळून पाहणेसुद्धा तिने टाळले. उन्हे कलताना गाडी चारही मोठ्या चाकांवर परत आली आणि दिवस मावळण्याच्या आत आम्ही घाट उतरलो. वळणावळणावर ताई माझा हात धरून होती. तिने तो मुरबाडला सोडला.

डोंबिवलीत काकांनी सोसायटीच्या फाटकातच कथा सुरू केली: "मी म्हटलं, पोरीला खाली उतरवा, गाडी मी एकटा मागे नेतो." मी दुरुस्ती केली नाही. प्रवासवर्णनाला नायक लागतो आणि काकांना ते काम आवडते.

ताईला मुलगी झाली. ती सात महिन्यांची असताना पुन्हा दसरा आला आणि काकूने पुन्हा पाचही चाके पूजेला काढायला लावली. मी नेहमीप्रमाणे कोपऱ्यात उभी होते. स्टेपनी धुऊन पुसून ठेवली होती आणि पिवळ्या स्टिकरवरचा ऐंशीचा आकडा लख्ख दिसत होता. काकूने कुंकवात बोट बुडवले, ते चाकाजवळ नेले आणि तिथेच थांबवले.

"ये गं इकडे," तिने मला हाक मारली. "इथे काढू ना? तुझं काही झाकत नाही ना?"