डफ शेकतात, गिटार नाही

स्पष्टच लिहिते. आमच्या दोन जिल्ह्यांत गिटार बाळगणारी जितकी पोरंपोरी मला माहीत आहेत, त्यांतलं एकही ती पुसत नाही. मोटारसायकल दर आठवड्याला धुतात, तिच्या आरशापर्यंत फडका मारतात, मोबाईलच्या काचेला ओरखडा पडला तर दोन दिवस जेवत नाहीत. गिटार मात्र खिळ्याला टांगली की टांगली. तारांवर गंज, फळीवर मळाचा थर, आणि वर ऐटीत सांगायचं, "माझ्या गिटारला जुना आवाज आहे." जुना आवाज नाही बाबांनो, घाण आहे ती. हे मी छातीठोक सांगू शकते, कारण या सगळ्यांत घाण गिटार माझी होती.

वनहक्काच्या कामात गावोगाव फिरणारं आमचं तिघांचं गाणारं पथक. आरमोरीकडची एक बाई गाते. वयानं माझ्या आईएवढी, लहानपणापासून जयंतीच्या मिरवणुकीत गाऊन गळा तयार झालेला. धानोऱ्याच्या जंगलपट्ट्यातला एक भाऊ डफ वाजवतो. मी गिटार वाजवते, आणि गाण्याआधी भिंतींवर पत्रकं चिकटवते. पत्रक लिहिणारी मी, छापून आणणारी मी, मग चिकटवणारीही मीच. मैद्याची खळ शिजवायची, ब्रशनं भिंतीला फासायची, पत्रक दाबून बसवायचं, हात सलवारीला पुसायचे आणि तसंच गिटारला भिडायचं. दोन वर्षं हा कार्यक्रम चालला. मला वाटायचं, किती वेळ वाचवते मी!

श्रावणात धानोऱ्याच्या आतल्या एका गावात ग्रामसभा होती. पावसाची झड लागलेली, म्हणून सभा गोटुलात, गोंडांच्या गावातल्या सामाईक घरात, भरली. दमट हवेनं डफाचं चामडं सैल पडलं होतं. भावानं कोपऱ्यात भाताचं तणस आणि काटक्यांचा जाळ केला, डफ त्यावर फिरवून फिरवून शेकला, बोटानं टिचकी मारली. टण्ण! मग डफ बाजूला ठेवून तो चहा प्यायला गेला.

माझी गिटारही त्या दिवशी भद्द वाजत होती. मी विचार केला. म्हणजे घोषणा लिहिताना करते तितकाच केला. डफाला जो न्याय, तोच गिटारला. समतेच्या गोष्टी आपण रोज बोलतो, मग वाद्यांत भेदभाव कशाला? मी गिटार निखाऱ्यांकडे पोट करून ठेवली आणि उरलेली पत्रकं लावायला गेले.

गाणं सुरू झालं आणि दुसऱ्या कडव्यात सगळं बिघडलं. गिटारच्या पोटावर तारा जिला बांधतात ती लाकडी पट्टी, घोडी, एका बाजूनं उचलली गेली होती. तारांचा सूर घसरत चालला होता. बाई बिचारी माझ्या मागे मागे खाली उतरत गेली. उतरता उतरता एका जागी थांबली, आणि पुढचं सगळं गाणं तिनं नुसत्या डफावर म्हटलं. टाळ्या पडल्या. मग ती माझ्याकडे वळली.

"काऊन वं पोरी, तुह्या वाद्याले ताप आला का?"

"हवा दमट आहे, बाई."

"हवा मलेबी लागून राह्यली. मी कुठी बेसूर झाली?"

भावानं गिटारला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. "बाई, हे त गरम हाय. इनं गिटार शेकली!"

"शेकली?"

"डफावानी."

पुढच्या रांगेतला एक म्हातारा गोंडीत काहीतरी बोलला आणि सगळं गोटुल हसलं. मी भावाकडे पाहिलं. "म्हनून राह्यले, भाजून झाली असंल त वाढा आता," त्यानं सांगितलं. तोही हसत होता. माझा जाहीर निषेध त्या दिवशी कुणीही नोंदवून घेतला नाही.

बाई हसली नाही. सामान बांधता बांधता म्हणाली, "आठ दिवसांनी चामोर्शीच्या बाजारात गानं हाय आपलं. तवापर्यंत हे सुधरवून आन. नाई सुधरलं त तू पत्रकं वाट. गान्यात येऊ नको."

पत्रकं वाटणं हलकं काम नाही, हे नव्या पोरांना मीच बजावत आले आहे. पण मला गाता येत नाही. भाषण केलं तर लोक तंबाखू मळायला उठतात. त्या पथकात माझी जागा होती ती गिटारपुरती. ती गेली की मी खळीची बादली घेऊन पुढे चालणार, आणि मागून येणारं गाणं दुसऱ्यांचं.

दुसऱ्या दिवशी चंद्रपूरच्या एसटीत बसले. वाटेत मनातल्या मनात निवेदन तयार केलं: हवामान प्रतिकूल, कारखान्याचा सरस निकृष्ट, स्थानिक पातळीवर दुरुस्तीची सोय नाही. चंद्रपुरात हार्मोनियम दुरुस्त करणारे एक काका आहेत, गिटारही बघतात. त्यांच्यासमोर पहिला मुद्दा मांडायला तोंड उघडलं, तर त्यांनी गिटार उलटी करून हलवली. भोकातून घडी घातलेलं एक पत्रक पडलं. मग दोन महिन्यांपूर्वी हरवलेली, तारा छेडायची प्लास्टिकची चकती. मग वाळलेलं झुरळ. मग दुसरं.

काकांनी चष्मा वर करून फळीवर नख ओढलं. नखाखाली पांढरा लगदा आला. "हे काय वं?"

"खळ आहे. पत्रकं लावते ना मी..."

"मंग हात नाई धुत?"

मी त्यांना कामाची निकड, माणसांची कमतरता आणि गावं किती लांब लांब आहेत ते समजावू लागले.

"भाषन मंग दे," ते म्हणाले आणि एक जुना दातांचा ब्रश माझ्या हातात ठेवला. "आधी हे घास. झुरळं पोसली तू दोन वर्षं. खळ म्हंजे त्याइचं जेवन."

सगळ्या तारा काढल्या. त्यांच्याखालचं लाकूड मी पहिल्यांदाच नीट बघत होते. घेतल्यापासून पहिल्यांदा. फळीवरच्या पितळी पट्ट्यांच्या कडेला खळ इतकी घट्ट बसली होती की तिच्या वळ्या निघाल्या. शेवयांसारख्या. फडका ओला नको, नुसता ओलसर हवा, हे मला दोनदा रागावून सांगण्यात आलं. नंतर कोरड्या फडक्यानं पुसून जवसाच्या तेलाचे दोन थेंब चोळले. लाकूड काळंभोर निघालं. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो, म्हणून मी विचारलं, "हे दुकानवाले विकताना का सांगत नाहीत?"

"भांडे घासाचे हे भांडेवाला सांगते का?"

मी फडक्याची घडी घातली.

घोडी सरसानं चिकटवून, शिकंज्यात धरून, तीन दिवस त्यांनी गिटार ठेवून घेतली. न्यायला गेले तेव्हा नव्या तारा चढलेल्या होत्या. काकांनी सांगितलं ते एवढंच: वाजवायच्या आधी हात धुवायचे, वाजवून झालं की एक एक तार पुसायची, आणि चुलीपासून दूर ठेवायची. मी म्हटलं, "लिहून द्या ना, मुद्दे काढते."

"कायले? पत्रक छापतं का त्याचं?"

मी नाही म्हटलं. मनात मथळासुद्धा तयार झाला होता.

चामोर्शीच्या बाजारात भाजीवाल्यांच्या ओळी संपतात तिथं आम्हाला जागा मिळाली होती. पत्रकं लावायचं काम माझंच. बादलीभर खळ संपवली आणि हापशावर गेले. तिथं कळलं की खळ नखांतून किती हट्टानं निघते. साबण लावला, धुतलं, परत लावला. मागे रांगेतली एक बाई म्हणाली, "पोरी, हळद लागली का तुले?" तेवढ्यात डफ वाजला.

त्यांनी माझ्यावाचून सुरू केलं होतं.

धावत पोचले तेव्हा पहिलं गाणं अर्ध्यावर आलं होतं. बाईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ओले हात ओढणीला पुसले, नखं एकदा तपासली, गिटार गळ्यात घातली आणि डफाच्या ठेक्यावर हळूच शिरले. शेवटचं कडवं आलं. बाई वर गेली, मी तिथंच होते. ती खाली आली, मी तिथंही होते. तिनं एकदाही थांबून सूर चाचपला नाही. गाणं संपलं. भाजीची पिशवी घेतलेला एक माणूस जाता जाता उभा राहिला होता, त्यानं पिशवी खाली ठेवली.

मी "उशीर झाला" म्हणायला गेले, तर बाई पदरानं तोंड पुसत म्हणाली, "दे वं सूर."

आजवर तिनं कुणाकडे सूर मागितला नव्हता. ती धरायची आणि आम्ही तिच्यामागे लागायचो. मी तार छेडली. तिनं डोळे मिटून ऐकलं, आणि माझ्या कानाजवळ येऊन, भावालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "जरासा खाली घे. सकाळपासून गळा बसला हाय माहा."

मी खाली घेतला.