बाहेर मॅडम, आत पोरी

सुनेने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी तव्यावर टाकली, की त्या खरपूस वासाने मला धुळ्याजवळचा तो सरकारी दवाखाना आठवतो. मी तिथे आया होते, आणि आमच्या डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाच्या. एकदा दुपारचे तीन वाजले तरी त्या उपाशीच पेशंट तपासत होत्या, तेव्हा मी सगळ्यांदेखत ओरडले, “पोरी, पहिले जेवी ले!” बठ्ठी रांग, सगळीच्या सगळी, हसली. माझी नोकरी कच्ची, म्हटलं आता गेलीच. त्यांनी मला आत बोलावलं, दार लोटलं. “अक्का, बाहेर मॅडम म्हणा, आत पोरी चालेल,” म्हणाल्या आणि माझ्याच डब्यातली भाकरी मोडली. वर्षभरात त्यांची बदली झाली. आज घर भरलेलं आहे, पण जिला घाबरावंही आणि दटावून जेवूही घालावं, अशी कोणी नाही हो.